आई-बाबा, मी 'ओ' नाही

ठाणे, रविवार

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "आम्ही दोघं उद्याच्या गाडीनं येतो, पाहिजे तेवढं रक्त काढून घ्या म्हणावं आमचं." आणि मी "नको" एवढंच म्हणून फोन ठेवला. तसा ठेवायला नको होता. पण तेव्हा मी रक्तपेढीच्या बाकावर बसले होते, शेजारी पाच-सहा माणसं, आणि सांगायचं होतं ते चार वाक्यांत मावणारं नव्हतं. शिवाय फोनवर आई रडते आणि बाबा ऐकू येत नाही म्हणून फोन आईकडंच देतात. म्हणून पत्र. बाबा, तुम्ही वाचा आणि आईला मोठ्यानं वाचून दाखवा. मधला एक भाग मात्र आधी मनातल्या मनात वाचा. कुठला ते कळेल.

आधी काळजीचं. ऑपरेशन रद्द झालेलं नाही, पुढं ढकललंय. गर्भाशयातली गाठ साधीच आहे, पण हिमोग्लोबिन ८.४ वर आलंय, म्हणून डॉक्टरांनी दोन पिशव्या रक्त तयार ठेवायला सांगितलं होतं. माझ्या फाइलीवर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलेलं, म्हणजे अवघड काहीच नाही. रक्तपेढीत माझ्या रक्तातला पातळ भाग आणि पिशवीतल्या पेशी एकत्र करून बघतात, क्रॉसमॅच म्हणतात त्याला. पहिली पिशवी जुळली नाही. दुसरी नाही. पाचही नाहीत. तिथल्या टेक्निशियनला वाटलं नमुन्यांची अदलाबदल झाली, म्हणून त्यानं पुन्हा सुई टोचली. पुन्हा तेच. मग त्यानं मला दोन नळ्या उजेडात धरून दाखवल्या. एक हलवली तर तळातलं लाल धुरासारखं वर आलं आणि सगळीकडं पसरलं, ते जुळणारं रक्त, दुसऱ्याच कुणाचं तरी. माझी हलवली तर तळाला चिकटलेली गुठळी तशीच राहिली, फक्त तिचे रवाळ तुकडे सुटले, विरजण बिघडल्यावर भांड्यात दिसतं तसं. "हे तुमच्या अंगात झालं असतं," असं तो म्हणाला नाही, पण मला कळलं.

रक्तपेढीच्या डॉक्टरबाईंनी खुर्ची ओढून विचारलं, घरात कुणाचा कोणता गट? मी सांगितलं: वडील एबी, आई बी, नवरा ओ, मुलगी बी. त्या लिहिता लिहिता थांबल्या. "नवरा ओ, तुम्ही ओ आणि मुलगी बी?" मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, "तुमच्या आई-वडिलांचं लग्नाआधी काही नातं होतं का?"

मी म्हटलं, आई म्हणजे बाबांच्या मामाची मुलगी. त्या हसल्या. मला आधी राग आला, खरं सांगते. पण त्यांना उत्तर सापडलं होतं.

नमुना परळला गेला. केईएमच्या आवारात रक्तावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे, १९५७ साली रक्तगटांच्या कामासाठीच सुरू झालेली. तिथून पक्कं झालं. माझा गट ओ नाही, तो 'बॉम्बे' आहे. आई, ठाण्याच्या पाण्यानं झालेलं नाही हे. १९५२ साली डॉ. य. मो. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मुंबईत पहिल्यांदा ओळखला आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापला, म्हणून ते नाव. भारतात साधारण १०,००० माणसांत एक असा निघतो, युरोपात १० लाखांत एक.

आता काय भानगड आहे ती. तांबड्या पेशीवर एक खुंटी असते असं समजा, तिला 'एच' म्हणतात. त्या खुंटीवर ए ची टोपी असली की गट ए, बी ची असली की बी, दोन्ही असल्या की बाबा, तुमच्यासारखा एबी. ओ म्हणजे नुसत्या मोकळ्या खुंट्या. माझ्या पेशींवर खुंटीच नाही. टोपी माझ्याकडं आहे, चिमीला बी माझ्याकडूनच गेलाय ना, पण अडकवायची कशाला? नेहमीच्या तपासणीत फक्त टोपी शोधतात. ती दिसली नाही की लिहून मोकळे: ओ. कॉलेजातही काचपट्टीवर तेवढंच झालं, नंतर एका लॅबनं तेच लिहिलं आणि मग वीस वर्षं जो तो आधीच्या कागदावरून उतरवत गेला. उलटी तपासणी, म्हणजे माझं पातळ रक्त घेऊन ओळखीच्या ए, बी आणि ओ पेशींवर टाकून बघणं, कुणी केलीच नाही.

आणि गंमत अशी, की ज्या ओ ला सगळे 'कुणालाही चालतं' म्हणतात, त्याच्याच पेशींवर सगळ्यांत जास्त मोकळ्या खुंट्या. माझ्या अंगाला खुंटीच परकी. म्हणून मला ओ चालत नाही, ए नाही, बी नाही, एबी नाही. फक्त बॉम्बे. चिमीच्या वेळी एवढं रक्त गेलं, पण पिशवी लावली नाही. तेव्हा आई देवाला नारळ बोलली होती, तो फेडला का गं?

आता तो भाग, बाबा.

बारावीला जीवशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर तक्ता काढला होता: कुठल्या गटाच्या आई-बापांना कुठल्या गटाचं मूल होतं. त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला माझा ओ निघालेला. एबीच्या रांगेत ओ च्या घरात बाईंनी फुली मारली होती. तुमचा एबी मला पाठ होता. डेपोतल्या शिबिरांची तुमची सगळी कार्डं पत्र्याच्या डब्यात, लाइटबिलांच्या खाली. मी घरी येऊन डबा उपसला. मग ट्रंक. माझा जन्मदाखला सापडला, त्यावर तुमचीच नावं होती, तरी समाधान होईना. रात्री तुम्ही ओसरीवर झोपलात तेव्हा बॅटरी लावून तुमच्या पायाची बोटं बघितली. अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब. माझंही तसंच. तेवढ्यावर मी झोपले.

दुसरे दिवशी जेवताना सहज म्हणून सांगितलं, "माझा ओ आलाय." तुम्ही म्हणालात, "असेल. त्या पोरासोरांच्या तपासणीचं काय एवढं." आणि चष्मा काढून सदऱ्याला पुसत बसलात, बराच वेळ. तुम्हाला तो तक्ता माहीत होता का, हे मी कधी विचारलं नाही, आताही विचारत नाही. आई, दत्तक असेन असं मला वाटलं होतं. दुसरी शंका मनात आलीच नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. आली होती. एक दिवसभर टिकली. त्याची लाज मला इतकी वर्षं आहे, म्हणून हे लिहायलाच हवं होतं.

आता सरळ लावू. खुंटी बनवणाऱ्या जनुकाच्या प्रत्येकाकडं दोन प्रती, एक आईकडून, एक वडिलांकडून. एक चालू असली तरी पुरतं. आजी ही आईची सासू व्हायच्या आधी आत्या होती. तेव्हा आजीच्या आणि मळ्यातल्या आजोबांच्या आई-वडिलांपैकी कुणाकडं तरी एक बंद प्रत असणार. ती एकीकडून आजीमार्फत बाबांकडं आली, दुसरीकडून आजोबांमार्फत आईकडं. तुम्हा दोघांची दुसरी प्रत चालू, म्हणून तुमचं रक्त साधं एबी आणि साधं बी. माझ्या वाट्याला दोन्ही बंद आल्या. चारात एक असा तो हिशेब. म्हणजे मी तुमचीच, उलट जरा जास्तच तुमची.

हे ऐकून आई "आमच्या लग्नापायी पोरीला भोगावं लागतंय" म्हणत बसेल. तसं नाही गं. रोजच्या जगण्यात यानं काहीच अडत नाही, अडतं ते दुसऱ्याचं घ्यायची वेळ आली की. तुम्हा दोघांचं रक्त मला चालणार नाही. माझ्या पेशी मात्र तुम्हाला चालू शकतात, त्यांच्यावर भांडण लागावं असं काही नाहीच. पण त्या असल्या कामाला कुणी काढणार नाही, बॉम्बेवाल्यांसाठी राखून ठेवतील. शिवाय बाबा, तुम्हाला आता कुणी रक्त देऊच देणार नाही. पासष्टीपर्यंतच घेतात, तुम्हाला एकाहत्तर झाली.

पुढचं असं ठरलंय: शिरेतून लोहाचं औषध सुरू झालंय, हिमोग्लोबिन १२ च्या आसपास आणायचं. (बेदाणे पाठवू नकोस असं म्हणत नाही, पण एवढ्यानं भागणार नाही.) जमलं तर माझीच एक पिशवी आधी काढून ठेवतील. तांबड्या पेशी फ्रिजमध्ये जास्तीत जास्त ४२ दिवस राहतात, म्हणून तारीख त्या हिशेबानं धरली आहे. मुंबईत या गटाच्या दात्यांची यादी ठेवणारी माणसं आहेत, त्यातले दोघं यायला तयार झालेत. त्यातला एक डोंबिवलीचा रिक्षावाला आहे. म्हणाला, "ताई, फोन आला की मी पाण्याची बाटली घेऊन निघतो."

राहिला दादा. त्याच्या लायसन्सवर ओ पॉझिटिव्ह आहे, मी पाहिलंय. तो एजंटनं मनानं भरला असेल तर गोष्ट वेगळी. पण कुणी खरंच तपासून लिहिला असेल, तर एबी बापाचा तोही ओ कसा? मग तो जवळजवळ नक्की माझ्याच गटाचा. माझ्यासाठी म्हणून सांगत नाही. भावाचं रक्त बहिणीला द्यायचं तर आधी त्यावर किरणांची प्रक्रिया करावी लागते, नाहीतर ते अंगावर उलटू शकतं, आणि दाते मिळालेत. पण हा माणूस रात्री-बेरात्री बागेतून मोटारसायकलवर येतो, हेल्मेट हँडलला. उद्या काही झालं तर दवाखान्यात लायसन्स बघून ओ ची पिशवी मागवतील.

तेव्हा छाटणीची गडबड संपायची वाट बघू नका. बाबा, त्याला मिरजेला सरकारी मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीत घेऊन जा. नुसता गट बघा म्हणू नका. "बहीण बॉम्बे आहे, उलटी तपासणी करा, अँटी-एच लावून बघा," असं सांगा. माझ्या रिपोर्टची झेरॉक्स सोबत ठेवलीय, ती दाखवा. जाताना त्याला पोटभर पोहे खायला घाल, आई. धनुर्वाताच्या इंजेक्शनला कसा आडवा झाला होता ते आठवतंय ना? सुई टोचताना बाबा, तुम्ही त्याच्या समोर उभे राहा आणि द्राक्षाचा भाव विचारा.

तुमची,
ताई