रेल्वे आणि मोटारीमधला सांधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दोघांनी रेल्वेने एखाद्या आडगावच्या स्टेशनवर उतरायचे, तिथे भाड्याची मोटार घ्यायची आणि चार-पाच दिवस खेडी, डोंगर, तळी पाहत फिरायचे, अशा सहलींविषयी पर्यटन पुरवण्यांतून भरभरून लिहिले जाते. काय पाहावे हे त्यात असते. गाडी पोहोचण्याची वेळ आणि मोटारीची चावी हातात पडण्याची वेळ यांचा मेळ कसा घालावा, हे क्वचितच सापडते. अशी सहल बहुतेक वेळा फसते ती याच सांध्यावर, म्हणून हे पत्र.

लहान स्टेशनांजवळची मोटार भाड्याने देणारी कार्यालये रात्रंदिवस उघडी नसतात. काही संध्याकाळी लवकर बंद होतात, काही रविवारी उघडतच नाहीत आणि कित्येक स्टेशनात नसून दोन-तीन किलोमीटरवर असतात. म्हणून आधी कार्यालयाची वेळ पाहावी आणि मगच रेल्वेचे तिकीट काढावे. कार्यालय सहाला बंद होत असेल तर चारच्या आत पोहोचणारी गाडी धरावी. या दोन तासांतला निम्मा वेळ कार्यालय गाठण्यात, कागदपत्रांत आणि मोटार तपासण्यात जातो, उरलेला गाडीला होणाऱ्या उशिरासाठी ठेवायचा. वाटेत गाडी बदलायची असेल तर ही सूटही अपुरी पडते. शाखामार्गावर दोन गाड्यांमध्ये तीन-चार तासांचे अंतर असू शकते. पहिल्या गाडीला दहा मिनिटे उशीर झाला आणि जोडगाडी सुटली, की दुपार हातची जातेच, वर मोटारही जाण्याची भीती असते. ठरल्या वेळेनंतर काही काळ वाट पाहून कंपन्या आरक्षण रद्द करतात. मोटारीच्या आरक्षणात रेल्वेगाडीचा क्रमांक लिहावा आणि उशीर होणार असे दिसताच गाडीतूनच फोन करावा.

याहून चांगला उपाय म्हणजे पहिली रात्र स्टेशनजवळच काढावी आणि मोटार सकाळी घ्यावी. भाड्याचा एक दिवस वाचतो. अनोळखी मोटार अनोळखी रस्त्यावर अंधारात चालवण्याची वेळही येत नाही.

दोघेच प्रवासी असले, तरी करारात चालक म्हणून दोघांचीही नावे घालावीत. बरेच जण थोडे जादा शुल्क वाचवायला एकच नाव देतात आणि पुढे आलटून पालटून मोटार चालवतात. नाव नसलेल्या व्यक्तीच्या हातून अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि सगळा खर्च अंगावर येतो. परदेशात जाणाऱ्यांनी आंतरराष्ट्रीय परवान्याची मुदत पाहून घ्यावी. रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार मिळणारा परवाना एक वर्ष चालतो, १९६८च्या करारानुसार मिळणारा जास्तीत जास्त तीन वर्षे. त्या देशात कोणता चालतो हे निघण्यापूर्वीच विचारावे आणि मूळ परवानाही सोबत ठेवावा.

मोटार ताब्यात घेताना सगळ्यांचे लक्ष दारांवरच्या ओरखड्यांकडे असते. ओरखड्यांचे फोटो जरूर काढावेत, त्यांत किलोमीटरचा आकडा आणि इंधनाचा काटाही यावा. पण ग्रामीण रस्त्यावर अडवतो तो टायर. खाचांची खोली किमान १.६ मिमी हवी, हा अनेक देशांतला कायदेशीर किमान नियम आहे. ओल्या रस्त्यावर तेवढ्याने भागत नाही, तिप्पट असेल तर निर्धास्त जावे. मग डिकीचा तळ उचलून पाहावा. तिथे पूर्ण आकाराची स्टेपनी आहे, तात्पुरते अरुंद चाक आहे, की नुसती भोक बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि छोटा पंप? अरुंद चाकावर साधारणपणे ताशी ८० किमीच्या वर जाऊ नये, नेमकी मर्यादा चाकावरच छापलेली असते. बाटलीतला द्रव खिळ्याचे भोक बुजवतो, पण टायर बाजूने चिरला तर तो कामाचा नाही. खेड्यातल्या रस्त्याच्या कडेला उघडे पडलेले दगड टायर नेमका बाजूनेच चिरतात. त्यामुळे फक्त बाटली असेल तर समोरच्या वाहनाला वाट देताना कडेवर उतरण्याऐवजी थोडे मागे जाऊन रुंद जागी थांबावे. स्टेपनी असेल तर जॅक आणि पानाही जागेवर आहेत ना, हे बघावे. चाक बदलताना नट जॅक लावण्याआधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे, नाहीतर चाक नुसते फिरत राहते. बसवताना ते समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे.

टायर आणि काच यांचे नुकसान अनेक विम्यांत धरलेले नसते. ते कलम सही करण्याआधी वाचावे.

दिवसाचा टप्पा नकाशावरच्या अंतरावरून ठरवू नये. वळणावळणाच्या अरुंद रस्त्यावर ताशी ४० किमीची सरासरी पडली तरी पुष्कळ. १२० किमीला तीन तास आणि वाटेतली चार ठिकाणे प्रत्येकी ४० मिनिटांची धरली, तर चहा-जेवण सोडूनच जवळजवळ पावणेसहा तास होतात. फोनवरचा नकाशा प्रवासाचा वेळ सांगतो, थांबण्याचा नाही. त्यात सर्वांत कमी अंतराचा पर्याय निवडला तर तो शेतातल्या कच्च्या वाटेवर नेऊन सोडतो. तो टाळावा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवावा. दर दोन तासांनी १५ मिनिटे थांबून चालक बदलावा. दुपारी दोन ते चार डोळे जड होतात, तो वेळ पायी पाहण्याच्या ठिकाणासाठी ठेवावा. उतारावर खालच्या गिअरमध्ये उतरावे. ब्रेकवर सतत पाय ठेवला की ते तापून पकड सोडतात.

रेल्वेबद्दल थोडेच सांगायचे आहे. कर्कवृत्ताच्या उत्तरेला पूर्वेकडे जाणाऱ्या गाडीत दिवसाचा बराच वेळ ऊन उजवीकडून येते, म्हणून डावी खिडकी घ्यावी. पश्चिमेकडे जाताना उजवी. शेजारी-शेजारी बसण्याऐवजी समोरासमोरच्या दोन खिडक्या घेतल्या तर दोघांनाही देखावा मिळतो.

परतीला सांधा पुन्हा येतो आणि या वेळी हाताशी अख्खा दिवस नसतो. इंधन कार्यालयाच्या जवळच्या पंपावर भरावे, पावती जपावी आणि रेल्वेच्या वेळेआधी दीड तास मोटार परत करावी. कार्यालय बंद असताना चावी पेटीत टाकण्याची सोय काही ठिकाणी असते. मात्र कर्मचारी येऊन मोटार पाहीपर्यंत तिची जबाबदारी बऱ्याच करारांत आपलीच राहते, म्हणून ती उभी केलेली जागा आणि चारी बाजू यांचे फोटो काढूनच निघावे.

आपल्या पुरवणीत असा मार्ग छापताना खाली तीन प्रकारच्या वेळा द्याव्यात, ही विनंती : मोटारीचे कार्यालय उघडण्या-बंद होण्याची, त्या स्टेशनवरून सुटणाऱ्या शेवटच्या गाडीची आणि रविवारी या दोन्हींत काही बदल असेल तर त्याची.

आपले,
दोन वाचक