वहीतलं तुझं अक्षर

जुळे सोलापूर,
सोमवार, रात्री

प्रिय सुमे,

दिवाळीपासून तुझे चार फोन आले, एकही उचलला नाही. तुझा आवाज ऐकला असता तर रडू आवरलं नसतं, आणि घर माणसांनी भरलेलं होतं. रागावू नकोस. गुडघा तसाच आहे, बीपीची गोळी चालू आहे.

काल माळ्यावर कागद शोधताना आपली बांधकामाची वही सापडली. सगळा हिशोब तुझ्या अक्षरात. सिमेंट, खडी, सेंट्रिंगवाल्याची उचल. आणि एका पानावर लाल पेनानं, 'मंगलच्या पाटल्या मोडल्या, पैसे स्लॅबला.' खाली दोन रेघा. तिथंच बसले मी, संध्याकाळपर्यंत.

आम्ही वेगळे होतोय, गं. वर्षभर हे वरच्या मजल्यावर, मी खाली. आता दोघांच्या संमतीनं अर्ज करायचा. का, ते तुला सांगायला नको.

उताऱ्यावर माझं नाव घाल म्हणून तू तेव्हा किती मागं लागली होतीस! मी म्हणाले, 'माझा संसार मोडायला निघालीस?' आठ महिने बोललो नाही आपण. मग गड्ड्याच्या जत्रेत होम मैदानावर तू उंच पाळण्यातून किंचाळलीस, 'मंगे, उतरव गं मला!' आणि मी खाली हसून हसून बेजार.

घर एकट्या यांच्या नावावर. वकीलबाई म्हणाल्या, लग्न झालं म्हणून नवऱ्याच्या नावावरच्या घरात बायकोचा अर्धा वाटा आपोआप होत नाही. वही जपून ठेवा, पण वजन पासबुकाला. पतसंस्थेचे हप्ते माझ्या पगारातून कापले जायचे, त्या पावत्या धुंडाळतेय.

खरी झोप उडवलीय ती पेन्शननं. हे पुढच्या वर्षी ५८ पूर्ण करून निवृत्त होतात, जुन्या पेन्शनवाले. यांच्यामागं मला कुटुंब निवृत्तिवेतन मिळेल, हे मी इतकी वर्षं धरूनच चालले होते. घटस्फोट झाला की तो हक्क संपतो. हे म्हणतात, दरमहा पेन्शनमधून देत जाईन. देतीलही, शब्दाला पक्के आहेत. पण यांच्या माघारी? पेन्शन थांबली की माझे पैसेही थांबले. बालवाडीच्या बाईला कुठली पेन्शन, सुमे!

म्हणून मी दरमहाची रक्कम कमी करून घर मागितलंय. निकालाआधी, कायद्यानं नवरा-बायको असतानाच बक्षीसपत्र केलं तर राहत्या घराला मूळ मुद्रांक शुल्क २०० रुपये, वरचे कर वेगळे. नंतर ती सवलत नाही. अर्जानंतर सहा महिने थांबावं लागतं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली सांगितलंय, काही अटींवर ते माफ होऊ शकतात. यांना तेच हवंय. मी नाही म्हणाले. घर नावावर झाल्याशिवाय कोर्टाच्या दुसऱ्या तारखेला मी सही करणार नाही. हे ऐकून रात्री न जेवताच वर गेले. ताट झाकून ठेवलं मी. सवय.

तुझ्या सुनेचं बाळंतपण नीट झालं, ताईकडून कळलं. बाळाला दुपटी शिवलीत, तुला शेंगाचटणी कांडून ठेवलीय. जावईबापूंची बदली झाली का?

बक्षीसपत्राला दोन साक्षीदार लागतात. एक तू हो. तारीख ठरली की कळवते, आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेसनं ये. स्टेशनवर मी येते.

तुझी,
मंगल