पुंगळ्यांची चकाकी आणि अमोनियाचा धोका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत नेमबाजीच्या छंदाविषयी आलेल्या लेखात, काडतुसांच्या वापरलेल्या पितळी पुंगळ्या पुन्हा भरण्याआधी स्वच्छ करण्याची एक कृती दिली आहे. पुंगळ्या अमोनिया असलेल्या, काच पुसण्याच्या द्रवात रात्रभर बुडवून ठेवाव्यात, म्हणजे त्या सोन्यासारख्या चमकतात, असे लेखक सांगतात. त्या चमकतील, हे खरे आहे. पण पुंगळीवर करता येण्याजोगा याहून घातक उपचार मला सुचत नाही. माझे नोकरीचे आयुष्य धातुपरीक्षणात गेले, त्यामुळे हा सल्ला वाचून गप्प राहणे मला अशक्य झाले. वरणगावच्या आयुध निर्माणीत १९६०च्या दशकापासून लहान शस्त्रांची काडतुसे तयार होत आली आहेत आणि आपल्या भागात हे पितळ हाताळलेली माणसे घरोघर आहेत. त्यांनाही तो लेख खटकला असेल.

पुंगळीच्या पितळात साधारण ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असते. या पितळाच्या चकतीची आधी वाटी केली जाते आणि मग ती वाटी साच्यातून टप्प्याटप्प्याने ओढून तिची नळी बनवली जाते. प्रत्येक ओढीला धातू कडक होतो, म्हणून मधूनमधून तो तापवून मऊ करावा लागतो. तरीही तयार पुंगळीत, विशेषतः मानेपाशी, काही ताण शिल्लक राहू शकतो आणि गोळी झाडताना व पुंगळी पुन्हा मापात दाबताना त्यात भर पडते. असा ताण असलेल्या पितळाला ओलावा आणि अमोनिया एकत्र मिळाले, की धातूच्या कणांच्या सीमांवरून बारीक भेगा आत शिरू लागतात. वरून पृष्ठभाग लखलखीत दिसतो आणि भेग आतल्या आत वाढत राहते.

ही गोष्ट प्रथम ध्यानात आली ती आपल्याच देशात. ब्रिटिश अमदानीत लष्कराने साठवलेली काडतुसे पावसाळ्यात आपोआप तडकत असत आणि त्यामुळे या प्रकाराला ‘सीझन क्रॅकिंग’ असे ऋतूशी जोडलेले नावच पडले. दोष हवेतल्या दमटपणाचा, असे बराच काळ मानले गेले. पुढे १९२१ मध्ये मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी खरे कारण दाखवून दिले : काडतुसे ठेवलेल्या पागांमधील घोड्यांच्या मूत्रातून हवेत मिसळणारा अमोनिया आणि धातूत उरलेला ताण. हवेतल्या एवढ्याशा अमोनियाने जर काडतुसे तडकत होती, तर अमोनियाच्या द्रवात रात्रभर बुडालेल्या पुंगळीकडून आपण काय अपेक्षा करणार? ज्यांच्या घराला लागून गोठा आहे किंवा ज्यांच्या शेतघरात अमोनियम सल्फेटची पोती रचलेली असतात, त्यांनी पितळी वस्तू तिथे ठेवूच नयेत, असे मी म्हणेन.

लेखातील दुसरी सूचनाही मला तितकीच गंभीर वाटते. पुंगळ्या मक्याच्या कणसाच्या भरड्यात घालून फिरत्या पिंपात कोरड्या घोळवाव्यात, असे सांगताना लेखकांनी शिशाचा उल्लेखच केलेला नाही. बहुतेक काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे आघाताने पेट घेऊन दारू पेटवणाऱ्या बुडातल्या टोपीत, लेड स्टायफ्नेट हे शिशाचे संयुग असते आणि काडतूस उडाल्यावर त्याचा अवशेष पुंगळीच्या आत काजळीत राहतो. कोरड्या घोळणीत तो सुटून भरड्यात मिसळतो आणि पिंपाचे झाकण उघडून भरडा चाळताना धुळीबरोबर हवेत उडतो. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि लहान मुलांचे शरीर मोठ्या माणसांपेक्षा कितीतरी अधिक शिसे शोषून घेते. हे काम माजघरात, ओसरीवर किंवा पोरे खेळतात त्या अंगणात कोणी करावे, ही कल्पनाच मला सहन होत नाही.

योग्य पद्धत अवघडही नाही आणि महागही नाही. पाण्यात भांड्यांचा थोडा साबण आणि किंचित लिंबूसत्व मिसळून पुंगळ्या त्यात काही मिनिटे हलवाव्यात, मग दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने खंगाळाव्यात. ओल्या कामात धूळ उडत नाही, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आहे. आम्लात त्या फार वेळ ठेवू नयेत, कारण जस्त निघून जाऊ लागते आणि पितळावर तांबूस छटा येते. चिंचेच्या कोळात विसरून राहिलेल्या घंगाळावर ती आपल्या घरांतही दिसते. वाळवण्यासाठी भट्टीची किंवा गॅसच्या ज्योतीची गरज नाही. पुंगळीचा बूड कडकच राहायला हवा आणि जास्त उष्णतेने तो मऊ पडला, तर पुढच्या वेळी दाब सोसत नाही. मे महिन्यात ४५ अंशांच्या आसपास जाणारे आपल्या जळगाव-भुसावळचे ऊन त्याला पुरेसे आहे. काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत, त्याआधी काही खाऊ नये, आणि धुण्याचे पाणी विहिरीजवळ किंवा केळीच्या बागेत ओतू नये, कारण त्यातही शिसे असते.

मुळात चकाकी ही पुंगळी चांगली असल्याची खूण नव्हेच. काळवंडलेली पण अखंड पुंगळी चालते. मानेवर उभी भेग असलेली किंवा बुडाच्या थोडे वर उजळ कडे उमटलेली पुंगळी कितीही लखलखीत असली तरी मोडीतच काढायला हवी. स्वच्छता करायची ती या खुणा दिसाव्यात म्हणून. लेखात याविषयी एक ओळही नाही, याचे मला फार वाईट वाटले.

आणखी एक बाब. पुंगळ्या पुन्हा भरण्याचा हा छंद ज्या देशांत चालतो, तिथले कायदे वेगळे आहेत. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९च्या कलम ५ नुसार दारूगोळा तयार करण्यासाठी वेगळा परवाना लागतो. बंदूक बाळगण्याचा परवाना त्यासाठी चालत नाही. ही माहिती दिल्याशिवाय अशी कृती छापणे तरुण नेमबाजांवर अन्याय करणारे आहे.

अमोनियाची आणि कोरड्या घोळणीची शिफारस मागे घेणारी स्पष्ट सूचना येत्या रविवारी त्याच पानावर, सहज नजरेस पडेल अशा जागी छापावी, ही आपणांस आग्रहाची विनंती.

आपला विश्वासू,
एक निवृत्त धातुपरीक्षक
भुसावळ, जि. जळगाव