ढालींचे रंग शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र फक्त तुम्हालाच पाठवता आलं असतं. पण आभाराचा विषय निघाला की तुम्ही लगेच "ब्रश धुतलास का?" असं विचारून मोकळ्या होता. शिवाय तुमच्याकडून मला जे मिळालं, ते धातूच्या छोट्या सैनिकांची प्राचीन सैन्यं रंगवणाऱ्या, जमवणाऱ्या आणि टेबलावर लढवणाऱ्या कुणाच्याही उपयोगाचं आहे. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

कॅनीची लढाई अखेर मांडून झाली. रोम आणि त्याच्याशी लढणारा कार्थेजचा सेनापती हॅनिबल, दोन्ही सैन्यं पूर्ण रंगवलेली. नुसत्या प्रायमरमधला (रंगाआधीच्या अस्तरातला) एकही सैनिक टेबलावर नव्हता. खरी लढाई इ.स.पू. 216 मधली. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसच्या हिशेबाने रोमचं पायदळ सुमारे 80,000 आणि घोडदळ 6,000 हून थोडं जास्त. समोर हॅनिबलचं पायदळ 40,000 च्या किंचित वर, पण घोडेस्वार 10,000. एवढी माणसं 15 मिलिमीटरच्या, बोटाच्या पेराएवढ्या सैनिकांत बसवायची तर काय ठेवायचं आणि काय सोडायचं हे आधी ठरवावं लागतं. ते ठरवायला तुम्ही मला शिकवलंत.

तुमची पद्धत साधी होती. मी कुठलाही रंग उचलला की तुम्ही विचारायचात, "कशावरून?" अंगरखा लाल कशावरून? ढालीवर हे चिन्ह कशावरून? खोक्यावरचं चित्र हे उत्तर तुम्हाला चालत नसे. पुरावा नसेल तर तसं मान्य करायचं, आणि त्या काळच्या माणसाच्या हाताशी कुठला रंग असेल याचा विचार करून निवड करायची. मंजिष्ठेच्या जातीच्या मुळांपासून निघणारा लाल रंग सामान्यांना परवडणारा होता. बिनरंगवलेली लोकर पांढुरकी, करडी, तपकिरी अशी मिळायची. लाल कापड उन्हापावसात विटतं. म्हणून एकाच तुकडीत लालच्या चार-पाच छटा ठेवायच्या, मधेच एखादा करडा अंगरखा घालायचा. हे तुम्ही सांगितल्यापासून माझ्या तुकड्या मोहिमेवरून चालून आल्यासारख्या दिसू लागल्या.

रोमन सैन्यासाठी तुम्ही पॉलिबियसच्या इतिहासाचा सहावा भाग हातात दिलात आणि म्हणालात, हे रंगाऱ्यासाठीच लिहिलंय असं समजून वाच. तसंच निघालं. शिरस्त्राणावर लालसर-जांभळी किंवा काळी अशी तीन उभी पिसं, सुमारे हातभर लांब. त्यामुळे माणूस होता त्याहून उंच आणि भीतिदायक दिसतो, असं तो सांगतो. बहुतेकांच्या छातीवर वीतभर चौकोनी पितळी पत्रा, आणि ज्याची मालमत्ता 10,000 द्राख्माच्या वर त्याला कड्यांचं चिलखत. म्हणजे एकाच रांगेत कुणाची ऐपत किती हे अंगावरच लिहिलेलं. रंगवताना पत्रेवाले आणि चिलखतवाले शेजारी शेजारी उभे करायला लागल्यावर मला पहिल्यांदा त्या रांगेत शेतकरी दिसले, लहान-मोठे, आपापल्या पैशांनी हत्यार घेऊन आलेले.

पुढे धावणाऱ्या हलक्या पायदळाचं तर मला अजून नवल वाटतं. हे वेलाइट. त्यांतले काही आपल्या साध्या शिरस्त्राणावर लांडग्याचं कातडं ओढायचे. डोक्याचं रक्षण हे एक कारण. दुसरं, कोण पुढे जाऊन लढतंय ते अधिकाऱ्यांना लांबून ओळखू यावं. हे वाचून तुम्ही केवढ्या खुशीत म्हणाला होतात की आपणही टेबलावर तेच करतो, तीन फुटांवरून कोण कोण आहे ते कळावं म्हणून रंगवतो! डोळ्यांच्या बाहुल्या काढण्यात संध्याकाळ घालवायची नाही, हे त्यातूनच आलं. 15 मिलिमीटरच्या चेहऱ्यावर नाकाचा शेंडा, गाल आणि हनुवटी उजळली की पुरे. सावली गडद हवी, उजळ कडा वाटतं त्याहून जास्त उजळ हव्यात, नाहीतर लांबून सगळं राखाडी दिसतं.

लीजनमधलं, म्हणजे रोमन सैन्याच्या मोठ्या तुकडीतलं, फळ्यांचं प्रमाणही तुमच्यामुळेच सांभाळलं गेलं. पहिल्या फळीतले हस्ताती 1,200, दुसऱ्या फळीतले प्रिन्सिपे 1,200, पण शेवटच्या फळीतले ट्रायरी 600. म्हणून पहिल्या दोन फळ्यांना चार-चार बेस (सैनिक चिकटवायच्या पट्ट्या) आणि मागच्या भालेवाल्यांना दोनच. ट्रायरी दिसायला रुबाबदार असतात, ते जास्त घ्यावेसे वाटतात. तुम्ही नाही म्हणालात, आणि ते योग्यच होतं. लढाई त्या मागच्या फळीपर्यंत सहसा पोचत नसे.

आता हॅनिबलचं लिबियन, म्हणजे उत्तर आफ्रिकेतलं, पायदळ. या पत्राचं खरं कारण तेच.

हॅनिबलच्या आफ्रिकी सैनिकांच्या अंगावर रोमन हत्यारं होती, आधीच्या लढायांत मेलेल्या रोमनांकडून घेतलेली. रोमन इतिहासकार लिव्ही म्हणतो, पाहणाऱ्याला ती रोमन फळीच वाटली असती. हत्यारं ट्रेबियाच्या लढाईतली आणि त्याहून जास्त ट्रॅसिमीनच्या तळ्याकाठच्या लढाईतली. म्हणजे ही तुकडी रोमन दिसली पाहिजे, आणि तरीही खेळताना ती कुणाची हे कळलं पाहिजे. बरेच जण इथे सोपा मार्ग धरतात, लिबियनांना ग्रीक पद्धतीचं चिलखत आणि गोल ढाल देऊन टाकतात. तुम्ही तसं करू दिलं नाहीत. रोमन साचेच घ्यायला लावलेत. ढाली सुट्या ठेवून रंगवायच्या, आणि शेजारच्या दोन ढालींचे रंग जुळू द्यायचे नाहीत, कारण लूट वेगवेगळ्या तुकड्यांतून आलेली. ढालीच्या कडांचा रंग खरवडलेला. काहींवर जुन्या मालकाचं चिन्ह अर्धवट पुसून वर दुसरा रंग. पिसं मात्र काढून टाकायची, असं तुम्ही सुचवलंत, आणि हे पुरावा नसलेलं आहे, आपल्या सोयीचं आहे, असंही लगेच बजावलंत. तुमचा हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

मधल्या फळीचा प्रश्न वेगळा होता. तिथे गॉल आणि स्पॅनिश तुकड्या आलटून पालटून उभ्या होत्या. गॉल उघड्या अंगाने, स्पॅनिश जांभळ्या काठाच्या तागाच्या पांढऱ्या अंगरख्यात. तो काठ मी भडक जांभळा करणार होतो तोच तुम्ही रोमन लेखक प्लिनीची आठवण दिलीत. समुद्री गोगलगायींपासून काढलेला उत्तम जांभळा तो थिजलेल्या रक्ताच्या रंगाचा म्हणतो. आणि इतका महाग रंग साध्या शिपायाच्या काठाला कुठून येणार? म्हणून तपकिरी मिसळलेला, लालाकडे झुकणारा जांभळा. पांढऱ्या कापडावर तो काय उठून दिसतो! पांढरा शुद्ध न ठेवता खाली फिकट राखाडी, वर दोन पातळ हात, हेही तुमचंच.

बाकी हाताची कामं तुम्ही भराभर शिकवलीत. ओतीव सैनिक आधी साबणाच्या पाण्यात धुवायचे, साच्याची रेघ कानशीने घासायची, मऊ धातूचा भाला कापून पोलादी तार बसवायची. एकेक सैनिक पूर्ण करत बसायचं नाही, सगळ्या तुकडीची त्वचा एकदम, मग सगळे अंगरखे. आतून बाहेर, म्हणजे त्वचा, कापड, चिलखत, पट्टे या क्रमाने. शेवटी मॅट वॉर्निश.

तुमचे जुने शिशाचे रोमनही तुम्ही मला दिलेत. नुसते दिले नाहीत, ते कसे जपायचे ते दाखवलंत. लाकडी बंद कपाटात लाकडातून निघणाऱ्या आम्लाच्या वाफांनी शिशावर पांढरी भुकटी धरते आणि ती सैनिक आतून खाते. म्हणून ते प्लास्टिकच्या खोक्यात, बेसखाली चुंबकी पत्रा, खाली लोखंडी तबक. हात लावल्यावर हात धुवायचे. एका माणसाने किती वर्षांपूर्वी रंगवलेल्या त्या ढाली तुम्ही पुन्हा रंगवू नकोस म्हणालात, फक्त तुटलेले भाले बदल. आज ते ट्रायरी माझ्या सैन्याच्या मागच्या फळीत उभे आहेत, आणि त्यांचा जुना चकचकीत वॉर्निश मी तसाच ठेवला आहे.

लढाईच्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तू रोम घे." मला हॅनिबल हवा होता. का म्हणालात ते दुपारी समजलं. तुमची मधली फळी चंद्रकोरीसारखी पुढे आलेली. माझे हस्ताती तिच्यावर आदळले, ती सरळ झाली, मग आत वळली, आणि मी एकेक बेस त्या पोकळीत ढकलत गेलो. पांढरे अंगरखे मागे हटत होते, मला जिंकल्यासारखं वाटत होतं. तेव्हा तुम्ही दोन्ही बगलांचे लिबियन आत वळवलेत. डावीकडे पाहिलं तर रोमन ढाली. उजवीकडे पाहिलं तर रोमन ढाली. ज्या लाल छटा मी स्वतः मिसळल्या होत्या, त्याच माझ्या दोन्ही बाजूंना. पिछाडीला तुमचं स्पॅनिश आणि गॉल घोडदळ येऊन पोचलं होतं, पण मी बघत होतो ते त्या खरवडलेल्या ढालींकडे. ट्रॅसिमीनच्या तळ्याकाठी मेलेल्यांच्या ढाली त्यांच्याच भाऊबंदांवर चालून आल्या होत्या. कॅनीबद्दल मी बरंच वाचलं होतं. हे मात्र मला कुठल्याच नकाशात दिसलं नव्हतं. तुम्ही ते ढालींच्या रंगांत लपवून ठेवलं होतंत, आणि मला ते रोमच्या बाजूने बघू दिलंत. त्यासाठी मनापासून आभार, ताई.

आता पुढचं. झेलमकाठची इ.स.पू. 326 ची लढाई घेतो आहे, आणि पोरसचे धनुर्धर प्रायमर लावून तयार आहेत. ग्रीक इतिहासकार एरियनने अलेक्झांडरच्या आरमारप्रमुख निआर्कसच्या आधाराने लिहिलंय की इथले लोक दाढ्या रंगवत, कुणी पांढरीशुभ्र, कुणी गर्द निळी, लाल, जांभळी, तर कुणी हिरवी. त्या मी तशाच रंगवणार आहे. अडलंय ते धनुष्यापाशी. धनुष्य माणसाएवढं, जमिनीला टेकवून डाव्या पायाने दाबून ओढायचं, असं तो सांगतो. माझ्या सैनिकांच्या हातात मात्र आखूड धनुष्यं ओतलेली आहेत. ती कापून तारेची लांब धनुष्यं बसवली तर डावा पाय वाकवावा लागेल, आणि हा धातू घोट्यापाशी तुटेल अशी भीती वाटते. तुम्ही कधी असा पाय वाकवला आहे का? दोन सैनिक नमुन्यासाठी बाजूला ठेवले आहेत.

तुमचा,
कॅनीत हरलेला रोमन सेनापती