एकदा बॅटरी काढून बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पेट्रोलसारख्या द्रवांच्या साठवण टाक्यांवर वायरलेस लेव्हल ट्रान्समीटर, म्हणजे आतली पातळी मोजून बिनतारी कंट्रोल रूमला कळवणारं यंत्र, बसवण्याविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. मी बावीस वर्षं इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन म्हणून हेच काम करतो आहे. लेख पटला, पण एक गोष्ट त्यात राहून गेली.

आधी हे सांगतो की ही यंत्रणा यायलाच हवी. हातानं पातळी मोजायची, म्हणजे डिप घ्यायची, तर पावसात ओल्या शिडीवरून एका हातानं कठडा धरत वर जायचं, डिप हॅच, म्हणजे टाकीच्या माथ्यावरचं झाकण, उघडली की वाफेचा भपकारा तोंडावर घ्यायचा, वजन तळाला टेकेपर्यंत टेप सोडायची, वर ओढायची आणि ओली खूण पुसट व्हायच्या आत वाचायची. रात्रपाळीत हे तीनतीनदा केलेल्या माणसाला वायरलेसचे फायदे समजावून सांगावे लागत नाहीत. शिवाय चर खोदून केबल टाकायचं कामही वाचतं.

बसवताना जागा मात्र नीट निवडावी लागते. इनलेटच्या, म्हणजे द्रव आत येतो त्या तोंडाच्या, डोक्यावर बसवला तर ट्रान्समीटर पातळीऐवजी पडणारी धारच मोजत बसतो. पेट्रोलसारख्या वाफाळ द्रवावर आवाजाच्या लहरींवर चालणारा सेन्सर चुकतो, कारण वाफेत आवाजाचा वेग बदलतो. तिथे रेडिओ लहरींवर चालणारा रडारच हवा. आणि अँटेना छताच्या वर मोकळी पाहिजे, पत्र्यातून सिग्नल जात नाही.

आता राहून गेलेली गोष्ट. माझ्याच पाळीत एक टाकी भरत होती. स्क्रीनवर 4.12 मीटर. चाळीस मिनिटांनीही 4.12. पंप चालू होता आणि आकडा हलत नव्हता. माझ्या सहकाऱ्याला शंका आली, तो वर चढला आणि डिप घेतली: 4.71. ट्रान्समीटरची बॅटरी संपली होती, आणि सॉफ्टवेअर शेवटचं रीडिंग हिरव्या अक्षरांत तसंच दाखवत बसलं होतं. त्या चाळीस मिनिटांत कसलाही अलार्म आला नाही. आजही ते आठवलं की पोटात गोळा येतो.

इंग्लंडमधल्या बन्सफिल्ड डेपोत 11 डिसेंबर 2005 रोजी असंच झालं होतं. 912 क्रमांकाच्या टाकीचा पातळी दाखवणारा गेज पहाटे तीनच्या सुमारास अडकला, आकडा जागच्या जागी राहिला आणि पेट्रोल येतच राहिलं. पातळी फार वर गेली की भरणं थांबवणारा, वेगळा बसवलेला हाय लेव्हल स्विचही चालला नाही. अडीच लाख लिटरहून जास्त पेट्रोल सांडलं, वाफेचा ढग पसरला आणि सहाच्या सुमारास स्फोट झाला. चाळीसहून जास्त माणसं जखमी झाली. तो गेज वायरलेस नव्हता, पण बंद पडलेलं रीडिंग चालू असल्यासारखं दिसणं दोन्हीकडे तेच.

म्हणून सिग्नल तुटला की स्क्रीनवर आकडा राहता कामा नये, तिथे फॉल्टच, म्हणजे बिघाडाची सूचनाच, यायला हवी. टाकी भरत असताना रीडिंग तासातासानं नको, मिनिटामिनिटानं हवं. बॅटरी लवकर संपली तर संपू दे. आणि ओव्हरफ्लो अडवणारा हाय लेव्हल स्विच वेगळाच, वायरचा ठेवावा आणि तो ठरलेल्या दिवशी तपासावा.

नवी यंत्रणा ताब्यात घेणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. सही करण्याआधी स्वतः वर जाऊन डिप घ्या आणि स्क्रीनशी ताडून पाहा. मग ठेकेदाराच्या माणसाला ट्रान्समीटरची बॅटरी काढायला सांगा आणि कंट्रोल रूममध्ये उभं राहून बघा, स्क्रीनवर काय दिसतं ते.

आपला,
एक इन्स्ट्रुमेंट टेक्निशियन