टोप

नौपाडा, ठाणे
१२ जुलै

प्रिय पेटीमास्तर,

पावसाने तीन दिवस ठाण मांडलंय. तलावपाळीची फेरी बंद, गुडघ्याला कारण मिळालं. म्हणून परवा आपलं एक जुनं दुखणं उकरून काढलं. 'द साँग रिमेन्स द सेम' पुन्हा बघितला. हो, तोच, लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडच्या मैफलीचा पिक्चर. शिव्या नंतर दे, आधी ऐक.

१९८५च्या गणपतीतली ती जाग्रणाची रात्र आठवतेय ना? चाळीने वर्गणी काढून व्हीसीआर आणलेला. आधी दोन पिक्चर मोठ्या मंडळींचे, आपला नंबर लागला पहाटे दोनला. कॅसेट म्हणजे कॉपीची कॉपी. चित्रात सतत मुंग्या, गाणारा रॉबर्ट प्लांट कधी हिरवा तर कधी जांभळा, आणि तू ट्रॅकिंगच्या बटणावर बोट ठेवून बसलेला. गाणं सुरू व्हायचं नाव नाही. हॅटवाले गुंड मोटारीतून येतात, बंदुका काढतात, धडाधड माणसं उडवतात. तुझ्या आजोबांनी अंथरुणातूनच विचारलं होतं, "यात बॅन्जो कधी वाजणार?" पुढे ते सत्तावीस मिनिटांचं 'डेझ्ड अँड कन्फ्यूज्ड', गिटारवर व्हायोलिनचा गज घासणं... मी त्यातच झोपलो. सकाळी तू एवढंच म्हणालास, "फसवलं रे."

परवा मात्र पोराच्या मोठ्या टीव्हीवर लावला. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ. ही शेजारी गवारीच्या शेंगा निवडत बसलेली. अर्ध्या तासाने म्हणते, "अहो, ह्या माणसाने टोप लावलाय."

"कुठल्या?"

"तो कोपऱ्यातला, गप्प गप्प आहे तो. मगाशी त्याचे केस त्याचे स्वतःचे होते."

मालिका बघून बघून तिची नजर तयार झालीये, मान्य. पण बाळा, तिचं खरं निघालं! बेस गिटार आणि कीबोर्ड वाजवणाऱ्या जॉन पॉल जोन्सने खरंच टोप लावला होता. भानगड अशी. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या तीन रात्रींचं चित्रीकरण, २७ ते २९ जुलै १९७३. नंतर फिल्म तपासली तर मध्ये मध्ये भोकं. गाण्यांचे तुकडेच्या तुकडे टिपायचे राहिलेले. जो मॅसो या दिग्दर्शकाला काढलं, पीटर क्लिफ्टनला आणलं, आणि १९७४मध्ये इंग्लंडात शेपर्टन स्टुडिओत तसंच स्टेज उभारून चौघांना पुन्हा उभं केलं. समोर प्रेक्षक कोणी नाही. आपलंच वर्षापूर्वीचं वाजवणं ऐकत हात हलवायचे. तोवर जोन्सने केस कापलेले! त्यात भर म्हणजे त्या तीन रात्री हा पठ्ठ्या रोज वेगळे कपडे घालून आलेला, म्हणजे जोडकाम करणाऱ्याच्या डोक्याला आणखी ताप. ड्रमवाल्या बोनहॅमचं पोटही मधल्या काळात सुटलेलं.

तुझ्या लग्नात व्हिडिओवाल्याची बॅटरी गेली आणि त्याने तुम्हाला पुन्हा हार घालायला लावले, तेव्हाचा तुझा चेहरा मला लख्ख आठवला. मुंडावळ्या तिरक्या, आणि हसू कसलं, दात दुखत असल्यासारखं. जोन्सचा चेहरा शेपर्टनच्या तुकड्यांत थेट तसाच दिसतो. मला इतकं हसू आलं की हिने शेंगा खाली ठेवल्या.

पण राग कशाचा आला, ते सांगतो. 'नो क्वार्टर'. जोन्स इलेक्ट्रिक पियानोवर बसलाय, बोटं अशी चालतायत की तू असतास तर श्वास धरला असतास. आणि नेमका तिथे कॅमेरा त्याला सोडून घोड्यावर जातो! मुखवटा लावलेला जोन्स रात्री घोडा दौडवतोय, कबरस्तानातून. प्रत्येकाला असं एकेक स्वप्न वाटून दिलंय. गिटारवाल्या पेजचं डोंगर चढायचं. बोनहॅमचं त्यातल्या त्यात बरं, त्याचं लहान पोरगं छोट्या ड्रमवर बडवतंय ते तर फारच गोड. पण हात दाखवा ना राव! वाजवणाऱ्याचे हात बघायला माणूस दोन तास सतरा मिनिटं बसतो. तेव्हा मुंग्यांमुळे दिसले नाहीत, आता मुंग्या गेल्या तर मध्ये घोडा. दिग्दर्शकाला वाजवण्यावर भरवसाच नव्हता असं माझं मत झालंय, आणि ते काही मी आता बदलणार नाही.

'रेन साँग' मात्र ऐक. मेलोट्रॉनचा, म्हणजे आतल्या टेपांतून सूर काढणाऱ्या कीबोर्डचा, तो ओला आवाजही जोन्सचाच, बरं का. इतकी वर्षं मी प्लांट आणि पेजकडेच बघत होतो. गडकरी रंगायतनला आपला ऑर्केस्ट्रा असायचा तेव्हाही लोक त्या चमकीच्या शर्टवाल्या गायकालाच बघायचे, आणि तुझी पेटी थांबली की मगच कळायचं काहीतरी गेलं म्हणून.

अजून एक. पेज आणि प्लांट १९७२च्या ऑक्टोबरात मुंबईत होते. इथल्या वादकांना घेऊन त्यांनी दोन गाणी ध्वनिमुद्रित केली, 'फ्रेंड्स' आणि 'फोर स्टिक्स'. त्या वेळी आपण दुसरीत, पाढे न आल्यामुळे बाकावर उभे. व्हीटीला उतरलो असतो तर झालं असतं काम!

गणपतीला ये. सांगलीहून निघायच्या आदल्या दिवशी फोन कर, म्हणजे गाद्या काढून ठेवतो. सगळा पिक्चर लावणार नाही, भिऊ नकोस. 'रेन साँग' आणि 'नो क्वार्टर', तेवढंच. घोडा आला की मी टीव्हीपुढे उभा राहीन, तू नुसता पियानो ऐक. आणि पेटी आण. तुझी, वहिनीच्या भजनी मंडळाची नको, तिचा काळी चारचा सूर हलतो.

तुझा,
लंबू

ता. क. : त्या रात्रीच्या कॅसेटचं भाडं मी एकट्याने दिलं होतं. पंधरा रुपये. व्याज सोडतो.