हेलेना फाल्कोला 'तू' कधी म्हणणार?

प्रिय सदा,

गणपतीपासून तुला पत्र नाही, रागावला असशील. गुडघा बरा आहे, शुगर आटोक्यात आहे. लिहायला बसलो ते काल आईने विचारलेल्या प्रश्नामुळे. तो तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

लिंडसे डेव्हिसची रहस्यकादंबरी 'द सिल्व्हर पिग्ज' अखेर मराठीत करायला घेतलीय. आईला आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून झालेलं प्रकरण रात्री तिला वाचून दाखवतो. इ.स. ७० चं रोम, आव्हेंटाइन टेकडीवर सहाव्या मजल्यावर राहणारा खासगी गुप्तहेर फाल्को, खाली लेनियाची लाँड्री, यात ती छान रमलीय. तिथे कपडे मुतात धुवायचे म्हटल्यावर तिने नाक मुरडलं. पण त्या मुतावरही बादशहा व्हेस्पेजियनने कर बसवला, मुलगा कुरकुरला तर नाणं त्याच्या नाकाशी धरून "वास येतो का?" विचारलं, हा रोमन चरित्रकार स्वेटोनियसचा किस्सा सांगितला, तर हसून हसून तिला ठसका लागला.

काल आम्ही ब्रिटनमध्ये होतो. शिशाच्या खाणीत गुलाम बनून राबलेला फाल्को कसाबसा बाहेर पडलाय आणि आता सिनेटरच्या मुलीशी, हेलेनाशी त्याची गाठ आहे. दोघं एकमेकांना नुसते ओरबाडतात. मी दोघांच्याही तोंडी 'तुम्ही' घातलंय, कारण आपल्याकडे खरं झोंबतं ते 'तुम्ही'तलं भांडण. आई म्हणाली, "भांडतायत झकास. पण ही त्याला 'तू' कधी म्हणणार?"

रात्रभर झोप नाही. इंग्रजीत सगळा 'यू'चा कारभार, डेव्हिसबाईंना चिंताच नव्हती. मराठीत ज्या वाक्याला 'तुम्ही' गळेल, तिथे हेलेनाचं मन उघडं पडणार. लवकर गळलं तर भांडणाची मजा गेली, उशिरा गळलं तर प्रेमात पडलेली माणसं बँकेतले सहकारी वाटतील.

होस्टेलच्या गच्चीवर तू म्हणाला होतास, लॅटिनमध्ये बादशहालाही 'तू'च म्हणत, शब्दसुद्धा 'तू'च, मग सगळ्यांना 'तू' कर. आठवडाभर अबोला धरला होता मी. तुझा मुद्दा खरा होता, आज कबूल करतो. पण मराठीत फाल्को व्हेस्पेजियनला 'तू' म्हणाला तर उद्धट वाटेल. राजेशाही त्याला मान्य नाही, तरी चिक्कू बादशहाकडून थकलेले पैसे अदबीने मागावे लागतात, गंमत तिथे आहे. फाल्कोचा दोस्त पेट्रोनियस, त्याचं मात्र सोपं. दोघं एका पलटणीतले, त्यांचं अरे-तुरे लिहिताना मला आपलेच आवाज ऐकू येतात.

शिशाच्या लगडीला इंग्रजीत 'पिग' म्हणतात म्हणून तू सुचवलेलं 'रुपेरी डुकरं' मात्र मी ठेवणार नाही. तिथे भांडण चालू.

वहिनींची बदली झाली का? धाकटीचा निकाल कळव.

आणि वहिनी लग्नाआधी तुला 'तुम्ही' म्हणायच्या, मी ऐकलंय. मग 'अरे सदा' कधी सुरू झालं? भांडणात, आजारपणात, की असंच, चहा गाळता गाळता? तुला आठवत नसेल तर त्यांना विचार. आईला पुढचं प्रकरण हवंय आणि माझं पेन तिथेच थांबलंय.

तुझा,
विनू